गुलनारचा पंप

विजेची जळलेली मोटार तारा गुंडाळून पुन्हा भरून द्यावी ती रहमतनंच, असं दिग्रसच्या जिनिंगवाल्यांचं ठाम मत होतं. म्हणूनच असेल, बायकोच्या छातीत अंगठ्याएवढा पंप बसवला तेव्हा तो फारसा घाबरला नाही. गुलनारचं हृदय थकलेलं; रक्त ढकलायचं काम आता हा पंप करणार. पोटातून निघालेली वायर कमरेच्या कंट्रोलरला, आणि तो कधी बॅटऱ्यांवर, कधी भिंतीजवळच्या अडॅप्टरवर. तीन वर्षं ती बॅटऱ्या खांद्याला अडकवून बाजारातसुद्धा हिंडली.

कंपनीचा माणूस संघदीप मारेगावहून तपासणीला यायचा. यंदा मार्चमध्ये आला, तर चहाला हात लावेना.

"रहमतभाई, कंपनीनं हे मॉडेल बंद केलं. आता बॅटऱ्या येनार नाईत."

"मंग आमी काय कराचं?"

"ते म्हनते, नवा पंप बसवून घ्या."

नागपूरच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, पुन्हा छाती उघडली तर बाई टेबलावरून उठणार नाहीत.

दहा तास चालणाऱ्या बॅटऱ्या पावसाळ्यापर्यंत तीन तासांवर आल्या. रहमतनं एक उघडली, नवे सेल टाकले, सोल्डरचा डाग दिला. मीटरवर व्होल्टेज बरोबर. पण कंट्रोलरवर लाल दिवा. आतली चिप बाहेरचा सेल ओळखतच नव्हती. त्यानं संघदीपला फोन लावला.

"त्या चिपचा कोड तरी द्या, भाऊ."

"माज्याजवळ नाई जी. अन् मीबी आता तिथं नाई. मागच्या महिन्यात काढलं मले."

गुलनारनं घराबाहेर पडणं सोडलं. वायर पुरेल तेवढंच तिचं घर. पुसदला भाचीचा, माहनूरचा, निकाह होता. रहमतला तिनं एकट्याला पाठवलं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी विजेची लाईन एकदम जोरात आली अन् अडॅप्टरमधून धूर निघाला. एवढे दिवस झिजलेल्या बॅटऱ्यांमध्ये आता जेमतेम पाऊण तास उरत होता. रहमतनं यवतमाळला रुग्णवाहिकेसाठी फोन केला आणि अडॅप्टर खोलला. बोर्ड मधोमध जळून काळा पडला होता. तरी तो तारा जोडत राहिला.

"अजी, ठेवा ते," गुलनार म्हणाली. "माज्यापाशी बसा."

"दोन मिन्टं थांब. होते."

"नाई होत. तुमाले दिसून राह्यलं, मले काय सांगता?"

त्यानं गरम सोल्डरिंग आयर्न फरशीवर ठेवलं अन् तिच्या शेजारी येऊन बसला. कंट्रोलर ओरडायला लागला. तिनं निकाहात जेवणं कशी झाली ते विचारलं. तो सांगू लागला: पुलाव चांगला होता, मंडप छोटा पडला, माहनूर लई रडली. ती ऐकत होती, मग ऐकेनाशी झाली. कंट्रोलरचा आवाज थांबला तरी तो बोलतच होता.

रुग्णवाहिका तेव्हा अर्ध्या वाटेवर, दारव्ह्यापर्यंत आली होती. ड्रायव्हरनं घराचा पत्ता विचारायला फोन केला. रहमतनं त्याला पूर्ण पत्ता सांगितला, मशिदीमागची गल्ली, हिरवं दार. आता येऊ नका, हे त्याच्या तोंडून निघालंच नाही.