काचेतली उपडी अधोली

मित्रांनो, दिल्लीच्या एका भल्यामोठ्या संग्रहालयात, तिसऱ्या दालनात, तराजू आणि वजनांच्या गर्दीत एक पितळेचं भांडं दिसतं. तोंडाशी जरासं चेपलेलं. ती मी, गडहिंग्लजची अधोली. पायलीच्या निम्मी ती अधोली. किलो यायच्या आधी दुकानातलं धान्य आमच्यासारख्या मापांनी मोजून विकत. तुम्ही सहलीला येता तेव्हा बहुतेक जण माझ्यासमोर थांबत नाहीत. पुढच्या दालनात खरंखुरं विमान टांगलंय, तिकडं पळता. माझी तक्रार नाही. विमान असताना मीसुद्धा अधोलीकडं बघितलं नसतं.

कोल्हापुरात एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. मग सरकारी माणसानं पाणी ओतून मोजलं आणि माझ्या बुडाला छाप मारली की हे माप खरं आहे. फार मिरवले मी त्या छापेवर. पुढं तिच्यापायीच माझी फजिती झाली, पण तेव्हा ते कुठं ठाऊक होतं.

गडहिंग्लजच्या पेठेत रुद्रय्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. तिथं मी लागले. जोंधळा, हरभरा, नाचणी, तूर, सगळं माझ्यातून गेलं. पहिलं माप ओतताना दुकानदार 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे, मग दोन, तीन. आणि मला कधी काठाबरोबर भरत नसत. काठावर धान्याची टोकदार रास उभी राहील तेवढी उभी करायची. तिला शीग म्हणतात. ढासळली तर ढासळलेले दाणे गिऱ्हाइकाचे.

रुद्रय्यांचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीनं पायानं लवंडायचं माप म्हणून उंबऱ्यावर मलाच ठेवलं. नीलम्मा तेव्हा सोळा वर्षांची. घाबरून तिनं असा पाय मारला की मी गडगडत सोप्याच्या खांबावर आदळले. माझं तोंड चेपलं ते तेव्हा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाई म्हणाल्या, पोरगीचा पाय हाय का बैलाचा.

पुढं रुद्रय्या खरेदीला कोल्हापूरला गेले की नीलम्माच दुकानात बसायची. तिची शीग सगळ्या पेठेत उंच. रुद्रय्या कुरकुरत, की तुझ्या हातानं मापलं तर दुकान गिऱ्हाइकाच्या घरी जाईल. ती म्हणायची, शीग कमी केली तर गिऱ्हाईक बी दुसऱ्याच्या दुकानात जाईल की. मला दोघांचंही पटायचं.

मग दुकानात काट्याचा तराजू आला आणि मी स्वयंपाकघरात गेले, जोंधळ्याच्या डब्यात. रोजच्या भाकरीपुरते दाणे माझ्यातून निघत. मला ते दुकानापेक्षा आवडलं होतं. खोटं कशाला बोलू.

१९९४ साल. दिल्लीच्या संग्रहालयासाठी जुनी मापं गोळा करणारी माणसं कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांबरोबर आमच्याकडं आली. नीलम्मा चार दिवस माहेरी, संकेश्वरला गेलेली. रुद्रय्यांनी डब्यातून मला काढलं, चिंचेनं घासलं आणि देऊन टाकलं. दिल्लीला निघाली म्हणून अर्ध्या पेठेला दाखवून आणलं ते वेगळंच.

इथं आले तर एका साहेबांनी मला उचलून बघितलं आणि छापेवर खूश झाले. लोकांना ती दिसावी म्हणून त्यांनी मला उपडी ठेवलं. बूड वर, तोंड खाली. खाली पाटी लावली: 'धान्यमाप, पितळ.' चूक त्यांची तरी कशी म्हणू? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की आमच्या दुकानात माप उपडं पडे ते एकाच दिवशी. घरातलं माणूस गेलं की.

अकरा वर्षं मी तशीच होते.

२००५ च्या फेब्रुवारीत मला ओळखीचा आवाज ऐकू आला. नीलम्मा. केस सगळे पांढरे झालेले. बरोबर मुलगा संगमेश, तो आता शाळेत मास्तर होता आणि आईला दिल्ली दाखवायला घेऊन आला होता. त्याच्या मनात आधी लाल किल्ला होता. तिनं ऐकलं नाही. ती आली होती एक वाद मिटवायला.

वाद तिच्या बोलण्यातूनच मला कळला. माहेरून आली तर डब्यात मी नाही. मला विचारलं का न्हाई, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हापासून स्टीलच्या पेल्यानं जोंधळा काढताना ती रोज नवऱ्याला ऐकवी. रुद्रय्या म्हणत, तिथं तिला देवासारखी ठेवत्यात, एकदा जाऊन बघ तरी. ते स्वतः कधी येऊ शकले नाहीत. दोन वर्षांपूर्वी वारले. वाद तसाच राहिला. आता त्यांचं खरं होतं का, हे तिला बघायचं होतं.

आणि तिनं बघितलं तर मी उपडी.

ती काचेसमोर फरशीवर बसली. पहारेकरी उठा म्हणाला. संगमेश लाजून इकडंतिकडं बघत पुटपुटला, "अव्वा, ऊठ की, लोक बघाय लागल्यात."

"बघू देत. तिला सुलटी केल्याबिगर मी उठत न्हाय."

शेवटी दालनाच्या अधिकारी बाई आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, नीलम्माला हिंदी. मधे संगमेश. आई पाच वाक्यं बोलली की तो एकच सांगायचा, तेही धुऊन, घडी घालून. नीलम्मानं विचारलं होतं की कोण मेलं म्हणून उपडी घातलीया हिला. त्यानं सांगितलं, आई म्हणते, जरा सरळ ठेवता येईल का.

बाईंनी समजावलं की छाप महत्त्वाची आहे, मुलांना ती दिसायला हवी.

"छाप खरी हाय," नीलम्मा म्हणाली. "पर छापंत काय जोंधळं मापतासा?"

हे मात्र संगमेशनं जसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या. मग त्याही खाली बसल्या आणि विचारलं, मापायचे कसे? नीलम्मानं हवेतच मला धरलं, हवेतच भरलं, दोन्ही तळव्यांनी शीग चढवली आणि ओतताना म्हणाली, "लाभ." बाईंनी वहीत सगळं लिहून घेतलं. उपड्या मापाचा अर्थही.

किल्ली आली. हातमोजे आले. मला सुलटी ठेवलं आणि छापेचा फोटो शेजारी लावू असं ठरलं. नियमाप्रमाणे नीलम्माला मला हात लावता येत नव्हता. तिनं हात पदराखाली घेतले. मग शेजारी कुणी उभं असावं तशी हळूच म्हणाली, "व्हय अवो, चांगली ठेवलीया. पर मला यावं लागलं."

बाईंनी विचारलं, नव्या पाटीवर माहिती देणाऱ्याचं नाव काय लिहू? संगमेश आईचं नाव सांगायला गेला. तिनं त्याला थांबवलं. आमच्या पेठेतल्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इतकी वर्षं त्या घरात राहिले, मीही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि भरल्या दालनात स्पष्ट म्हणाली, "रुद्रय्या."

मित्रांनो, माझ्या पाटीवर आता चार ओळी जास्त आहेत. वाचायला थांबलात तर बरं वाटेल. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू कुणाला द्यायची झाली, तर ती वापरणाऱ्याला आधी विचारा, आणि ती कशी धरायची, कशी ठेवायची तेही लिहून द्या. नुसतं पितळ दिलंत तर आमचं निम्मंच जतन होतं. आणि जमलं तर घरातल्या त्या माणसाला एकदा इथं घेऊन या. विमान बघायचं राहिलं तरी चालेल. आम्हाला नीट ठेवलंय का, हे ते माणूस आधी तपासून जाईल.