नेसेबारला जायचं तर

शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली आणि प्रेमानंदने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर लांबलचक वाळू आली, रांगेनं उघडलेल्या छत्र्या आल्या आणि त्यांच्यापलीकडे निळा समुद्र.

"बल्गेरिया," त्यानं जाहीर केलं. "नेसेबार म्हणून जुनं गाव आहे, त्याच्या जवळचं रिसॉर्ट. जूनमध्ये सांचीच्या शाळेला सुट्टी लागली की आपण पाचही जण निघायचं. इस्तंबूलला विमान बदलायचं, बुर्गासला उतरायचं, तिथून हॉटेल जवळच आहे."

"जॉर्जिया का नाही?" प्रणालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं. "आमचं निम्मं ऑफिस जॉर्जियाला जाऊन आलं."

"म्हणूनच नाही. सुट्टीतही मला इथलीच, अल् खुवैरची माणसं भेटायला नकोत."

प्रेमानंद मस्कतमध्ये मोठमोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगची कामं बघायचा आणि घरची सहलही तशीच आखायचा. कोणी कुठे बसायचं, कोणी काय बघायचं, सगळं आधी ठरलेलं. सांचीसाठी पाण्याच्या घसरगुंड्या, प्रणालीसाठी जुन्या गावातली भटकंती. शेवटी त्यानं पहिल्या रांगेतल्या एका छत्रीवर बाण नेला. "आणि आई-बाबा इथे. झोपायला खाट, डोक्यावर सावली, ज्यूस जागेवर आणून देतात. नुसता आराम."

त्याच्या आईनं, अनुसयाबाईंनी, पदरानं चष्मा पुसला आणि पडद्याकडे नीट पाहिलं. "पाणी किती खोल आहे रे तिथं?"

"बरंच आतपर्यंत उथळ आहे. पण तुला काय करायचंय? फार तर पाय बुडवशील."

"पाय कशाला? पोहीन की."

त्याचे बाबा, शिवराम, जोरात हसले. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा गृहस्थ हसला की शेजारच्या फ्लॅटमध्येही कळायचं. "काय बोलून राहिली तू? तुला पोहता येते काय?"

"येत नाही. पण जूनला अजून वेळ आहे."

त्या इतक्या सहज म्हणाल्या की सगळ्यांना ती गंमतच वाटली. प्रेमानंदनं पुढचा फोटो लावला. अनुसयाबाईंनी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात नोकरी केलेली ती बाई होती. एखादी गोष्ट करायची ठरली की त्या ती पुन्हा बोलून दाखवत नसत, करायला घेत असत.

अल् घुब्रातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर एक पोहण्याचा तलाव होता. थंडीत मुलाकडे राहायला आल्यापासून अनुसयाबाई रोज संध्याकाळी तिथे जाऊन कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. घरच्यांना वाटे, हवा खायला जातात. दोन दिवसांनी त्यांनी शाळेतून आलेल्या सांचीला गाठलं.

"मला शिकवशील?"

तेरा वर्षांची सांची शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. मराठी समजायची तिला सगळी, बोलताना मात्र ती शब्द शोधत बसायची. "मी? आजी, मी टीचर नाही. पण... हो, चालेल. तुझ्याकडे ड्रेस आहे का? पाण्याचा?"

ड्रेस प्रणालीनं आणला. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा, डोक्याला टोपी असलेला, इथल्या बायका समुद्रावर घालतात तसला. तो घालून अनुसयाबाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःवरच खूश झाल्या. "नऊवारीपेक्षा सुटसुटीत आहे गं," त्या सुनेला म्हणाल्या. प्रणालीनं हसून त्यांचे केस टोपीत सारले. ती काही विचारत नव्हती, आणि तिचं हेच अनुसयाबाईंना आवडायचं.

पहिले काही दिवस नुसतं श्वास सोडण्यात गेले. तोंड पाण्यात घालायचं, बुडबुडे काढायचे, वर यायचं. मग पाठीवर तरंगणं. सांची त्यांच्या मानेखाली हात धरायची. "आजी, तू फाइट करते. फाइट नको. बॉडी सोड. पाणी तुला पकडेल."

"पकडेल काय? धरेल म्हण."

"हां, धरेल. पण तू आधी सोड!"

सोडणंच अवघड होतं. आयुष्यभर माणसांना धरून ठेवण्याचं काम केलेलं शरीर ते, सैल कसं पडणार? कंबर खाली जायची, नाकात पाणी शिरायचं. पण अनुसयाबाई दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हजर. एक दिवस कानांत पाणी भरलं, सगळे आवाज दूर गेले, वर नुसतं आभाळ दिसत राहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की मानेखालचा हात केव्हाचाच निघून गेलाय. सांची बाजूला टाळ्या वाजवत होती, पण त्यांना ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर हातपाय मारणं आलं. अनुसयाबाईंना हुरूप आला होता आणि तिथेच घोटाळा झाला. सांची गॉगल आणायला कडेला गेली तेवढ्यात त्यांनी एकटीनंच पलीकडच्या भिंतीकडे झेप घेतली. मधेच श्वास चुकला, घोटभर पाणी छातीत गेलं, आणि पाय खाली टेकेनात. सांचीनं उडी मारून त्यांना कडेला ओढलं. ठसका लागला, डोळे लाल झाले, याहून जास्त काही झालं नाही. पण गच्ची झाडणाऱ्या माणसानं ते पाहिलं आणि खाली जाऊन प्रेमानंदला सांगितलं.

प्रेमानंद वर आला तो घाबरून. घाबरला की तो रागावलेलाच दिसायचा. "खलास! आता पोहणं बंद. आई, तुला बीपीची गोळी चालू आहे. काही झालं असतं तर?"

"माझं बीपी मी रोज मोजते. काय झालं असतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," अनुसयाबाई टॉवेलनं केस पुसत म्हणाल्या. पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता, हे पाहून त्या खाली उतरल्या.

पुढच्या आठवड्यात जेवताना प्रेमानंदनं पुन्हा लॅपटॉप उघडला. या वेळी पडद्यावर समुद्र नव्हता. हिरवेगार डोंगर होते आणि डोंगरात एक रंगीबेरंगी मठ. "प्लॅन जरा बदललाय," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "सोफियाला उतरायचं, तिथून डोंगरात. हवा थंड आहे, बाबांनाही बरं. समुद्र काय, आपल्याला इथे आहेच की."

सांचीनं काटा ताटात ठेवला. "बट पापा, यू प्रॉमिस्ड!"

"मराठीत बोल," प्रेमानंद म्हणाला.

अनुसयाबाईंनी हात धुतले आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या.

"प्रेमानंद, तुला पोहायला कोणी शिकवलं?"

"सरांनी. वर्ध्याच्या टँकवर."

"आणि रोज टँकवर नेलं कोणी?"

"तू."

"रात्रपाळी करून यायची आणि तशीच तुला घेऊन जायची. जाळीच्या बाहेर तुझा टॉवेल घेऊन उभी राहायची. तू रडायचास, नको म्हणायचास. तुझे बाबा म्हणायचे, पोराला शिकवणी लाव, पोहून काय नोकरी लागते? मी कोणाचं ऐकलं नाही. का नाही ऐकलं, ते तू कधी विचारलंस?"

प्रेमानंदनं नकारार्थी मान हलवली.

"मी सांचीपेक्षा लहान होते. आमच्या गावाला मोठं तळं होतं. त्याच्या घाटावर आमच्या लोकांनी जायचं नाही. कायदा होऊन गेला होता, पण गावाला तो कोण सांगणार? उन्हाळ्याचे दिवस. आमची बकरी सुटून तळ्यात शिरली आणि तिच्यामागे मी शिरले. कंबरेएवढं पाणी. बकरी बाहेर आली, मी नाही आले. इतकं गार होतं ते. मी हात पसरून तशीच उभी राहिले. घाटावरच्या माणसांनी पाहिलं. माझ्या बापाला बोलावून आणलं आणि गावासमोर हात जोडायला लावले. मी ओल्या झग्यानं त्याच्या शेजारी उभी. बाप मला एका शब्दानं बोलला नाही. घरी आल्यावर त्यानं माझं डोकं कोरडं केलं, आणि मग बराच वेळ बाहेर जाऊन बसला."

शिवराम हळूच म्हणाले, "मला तू हे कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही दर वीस मार्चला चवदार तळ्यावर भाषण करता. चांगलं करता, मीही ऐकते. पण मी पाण्यात उतरते म्हटलं तर तुम्ही हसलात."

शिवरामांनी खाली पाहिलं.

अनुसयाबाईंचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. "मी तुम्हाला अडवत नाही. तुम्ही डोंगरात जा, मठ बघा. मी समुद्रावर राहीन. सांची येईल माझ्याबरोबर."

"येस," सांची म्हणाली आणि लगेच सुधारून, "येणार."

"मी पण," प्रणाली म्हणाली. सासूच्या बाजूनं ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली होती, आणि तेही दोनच शब्दांत.

प्रेमानंदनं लॅपटॉप मिटला. "उद्या सकाळी बीचवर येशील माझ्याबरोबर?" त्यानं आईला विचारलं. "तलावात नाही. समुद्रात. मला स्वतः बघू दे. मग ठरवू."

"ठरवायचं ते मी ठरवलंय," अनुसयाबाई म्हणाल्या. "पण बघायला ये."

शनिवारी सकाळी अल् घुब्राच्या किनाऱ्यावर गर्दी नव्हती. वाळूवर ओढलेल्या होड्यांपाशी दोन कोळी जाळं सोडवत होते, पलीकडे पोरं फुटबॉल खेळत होती. पाणी आदल्या दिवसाच्या उन्हानं अजून कोमट होतं. अनुसयाबाई थांबल्या नाहीत. पाऊल ओलं झालं, गुडघे झाले, कंबर झाली. प्रेमानंद घाईघाईनं त्यांच्यामागे आला.

"आई, हळू. लाट येतेय."

लाट आली आणि त्यांना उचलून पुढे गेली. तलावात असं नव्हतं. तलावाचं पाणी गुमान पडून असायचं, हे पाणी जिवंत होतं. अनुसयाबाईंनी क्षणभर पाय झाडले. मग त्यांनी नातीचं ऐकलं, शरीर सोडलं. पाठ टेकली, कान बुडाले, आभाळ वर आलं. समुद्र त्यांना वर नेत होता, खाली आणत होता, आणि त्या त्याच्या अंगावर निजल्या होत्या.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

"लावलाच नाहीये," प्रेमानंद म्हणाला.

त्याचा आवाज वेगळाच आला म्हणून त्यांनी मान वळवली. तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता. दोन्ही हात पाण्याच्या वर धरलेले, लागले तर असावेत म्हणून. तोंड खारट पाण्यानं भिजलं होतं की कशानं, ते सांगता येत नव्हतं. अनुसयाबाई पालथ्या झाल्या आणि किनाऱ्याला समांतर हात मारू लागल्या. सुंदर वगैरे नव्हतं ते पोहणं. पाय जास्तच आपटत होते. पण त्या पुढे जात होत्या आणि त्यांचा मुलगा पाण्यातून त्यांच्या बरोबरीनं चालत होता.

घरी आल्यावर त्यानं डोंगर रद्द केले. या वेळी खुर्ची ओढून अनुसयाबाईच पडद्यासमोर बसल्या. जेवणाच्या दालनाजवळची नको, पाण्याजवळची खोली बघ, त्यांनी सांगितलं. सकाळच्या सहली नकोत, सकाळी समुद्र शांत असतो. जुनं गाव संध्याकाळी बघू. "आणि त्या तुझ्या काळ्या समुद्राचं पाणी थंड असतं का रे? मी आतापासून गार पाण्यानं अंघोळ करते मग." शिवरामांनी आपल्यासाठीही एक पोहण्याची चड्डी मागवायला सांगितली. कोणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच हसले.

जूनच्या अखेरीला ते पोचले. पाणी खरंच थंड होतं, पण ओमानच्या समुद्राइतकं खारट नव्हतं. त्याला भरती-ओहोटीही जवळजवळ नव्हती. अनुसयाबाईंना ते तळ्यासारखं वाटलं, फक्त या तळ्याला पलीकडचा काठ दिसत नव्हता. आजूबाजूला नाना देशांची माणसं होती. गोऱ्या म्हाताऱ्या, लाल पाठीचे बाप, किंचाळणारी पोरं. अंगभर काळा पोशाख घातलेल्या या बाईकडे एक-दोघांनी वळून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. घाट तिथे कोणाचाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सांचीबरोबर निघाल्या. सांची थोड्या वेळानं वळली, त्या वळल्या नाहीत. पाणी गुळगुळीत होतं, श्वास जुळला होता, पाय आता कमी आपटत होते. उथळ जागेच्या सीमेवर तरंगणारा दोर त्यांच्या हाताला लागला. तो खालून ओलांडून त्या पुढे गेल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाच्या उंच खुर्चीतून कर्कश शिट्टी वाजली.

वाळूत प्रेमानंद ताडकन उठला. "आई खूप लांब गेली!"

"येईल," शिवराम म्हणाले. ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि तिथून पुढे जायचं की नाही याचा विचार करत होते.

शिट्टी पुन्हा वाजली. खुर्चीतला तरुण उभा राहून हात हलवत होता. अनुसयाबाईंनी मागे वळून पाहिलं. दवाखान्यात वॉर्डच्या दुसऱ्या टोकाकडून कोणी हाक मारली की त्या जसा हात वर करायच्या, तसा त्यांनी तो वर केला, ऐकलं एवढं सांगायला. मग त्या पाठीवर वळल्या, दोन-चार श्वास तशाच पडून राहिल्या, आणि सावकाश किनाऱ्याकडे हात मारू लागल्या.