अर्धी टाकी

"सिस्टर, हे मीटर नाही, मत्स्यालय झालंय," मेकॅनिक म्हणाला आणि त्यानं काचेवर टकटक केलं. आत धुकं दाटलं होतं, खालच्या कडेला पाण्याची बारीक रेघ डुलत होती. "कडेचं रबर सडलंय. पावसात चालवली की पाणी आत शिरतं. दोन दिवस ठेवून जा. उघडून, सुकवून, नवीन रबर बसवून देतो."

"आणि दोन दिवस पेशंटना काय सांगू? दम धरा, माझं मीटर आजारी आहे?"

"मग निदान काट्यांवर विसंबू नका."

"बरं बरं," म्हणत तिनं किक मारली.

ती घरोघर जाणारी नर्स होती. दवाखान्यानं हात टेकून घरी पाठवलेली माणसं तिच्या वाट्याला यायची. त्यांना बरं करणं कुणाच्याच हातात नव्हतं. जखमा धुवायच्या, कूस बदलायची, वेदना सोसवेनाशा झाल्या की इंजेक्शन द्यायचं, एवढंच तिचं काम. ते इंजेक्शन पेशंटच्या घरी ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून ते तिच्या बॅगेत आणि ती मोटरसायकलवर. लोक तिला गाडीवाली सिस्टर म्हणत.

संध्याकाळी तिनं मीटर गाडीवरच ठेवून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा त्याच्यावर धरली. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या.

"त्या डबड्याचे किती लाड! माझे केस असे वाळवलेस का गं कधी?"

"तुमच्या डोक्यात पाणी शिरलं की वाळवीन," ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

काच स्वच्छ झाली. आकडे लख्ख दिसू लागले. पेट्रोलचा काटा बरोबर अर्ध्यावर येऊन उभा राहिला. एरवी थरथरणारा काटा आज एवढा शांत कसा, असं तिच्या मनात आलंही. पण बऱ्या झालेल्या गोष्टीची चौकशी कोण करत बसतं?

त्या आठवड्यात पावसानं उसंतच दिली नाही. शिंपीकाकांच्या बायकोचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि ती वाटेतल्या एका घरून नुकतीच निघाली होती. काका आयुष्यभर गावाचे कपडे शिवत आले होते. आता पोटातल्या गाठीनं त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं.

"सिस्टर, लवकर या हो. फार कळा येताहेत. ओठ चावून चावून रक्त काढलंय."

"निघालेच काकू. त्यांना सांगा, आलेच मी."

माळरानावरच्या रस्त्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. तिनं काट्याकडे पाहिलं. अर्धी टाकी. म्हणजे प्लगमध्ये पाणी गेलं असणार. रेनकोटच्या आडोशाला तिनं प्लगची टोपी काढली, ओढणीनं पुसली, फुंकली, परत बसवली. किक मारली. काही नाही. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. पोटऱ्या भरून येईस्तोवर किका मारल्या. बॅगेत फोन वाजत होता. उचलून काय सांगणार?

शेवटी तिनं टाकीचं झाकण उघडलं आणि गाडी गदागदा हलवली. आत काहीच डचमळलं नाही. रिझर्व्हचा कॉक तर कधीतरी मागेच फिरवलेला होता आणि सरळ करायचा राहून गेला होता. अर्ध्या टाकीवर विश्वास ठेवून ती मघापासून भलताच रोग शोधत होती.

गाडी तिथंच टाकून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बऱ्याच वेळानं भाजीचा एक टेम्पो थांबला.

दार उघडंच होतं. घरातली शांतता तिला पायरीवरच कळली. तरीही तिनं आत जाऊन नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. काकांच्या मुठीत चादर गच्च पकडलेली होती.

"ओरडत होते," काकू म्हणाल्या. "शेवटी शेवटी आवाजच उरला नाही. मी आपली म्हणत होते, येतीलच आता, येतीलच."

"गाडी बंद पडली, काकू."

"हो, पाऊसच तसा आहे."

इथंच थांबता आलं असतं. पावसावर सगळं ढकलून ती मोकळी झाली असती.

"पावसानं नाही. पेट्रोल संपलं होतं. काटा अर्धी टाकी दाखवत होता. मीटरमध्ये पाणी गेलंय हे मला माहीत होतं, तरी त्याचंच खरं मानलं."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपड्यांतून पाणी निथळून फरशीवर डबकं झालं होतं.

"तुमच्यावर रागवायला आत्ता माझ्यात त्राण नाही," त्या म्हणाल्या. "नंतर रागवेन. आधी कोरडं काहीतरी घाला. यांना आंघोळ घालायचीय, मला एकटीला उचलवणार नाहीत."

त्यांनी कपाटातून काकांचा शर्ट काढून दिला. काकांनी आजारपणाआधी स्वतःसाठी शिवलेला, अजून अंगाला न लागलेला. दोघींनी मिळून काकांना पुसलं. ती मूठ सोडवायला तिला एकेक बोट उलगडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं गाडी ओढून आणली आणि मीटर उघडलं. काट्याच्या मुळाशी हिरवट गंज चढला होता. बोटानं ढकलला तरी काटा जागचा हलेना. 'मी सांगितलं होतं' असं त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. "हे सुकवून आता उपयोग नाही. दुसरं बसवतो," एवढंच बोलला. ती गाडी ठेवून गेली. मिळेल त्या वाहनानं, नाहीतर पायी फिरली. पेशंट थांबले. त्या दोन दिवसांत कुणाचंही काही बिघडलं नाही.

आठवड्यानं ती शर्ट धुऊन, इस्त्री करून शिंपीकाकांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं, तिला आत घेतलं आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. ते दाराकडे बघत होते, म्हणाल्या. रस्त्यावरून कुठलीही गाडी गेली की मान उचलायचे. तुमचं नाव घेऊन मी त्यांना खोटी आशा दाखवत राहिले, त्याचं काय करू? एवढं शिकलात, एवढं फिरलात, टाकीचं एक झाकण उघडून बघता आलं नाही? बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, शेजारची खिडकी उघडली, परत लागली. सिस्टर मान खाली न घालता ऐकत होती. मधे एकदाही 'पण' म्हणाली नाही.

काकूंचे शब्द संपले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग भिंतीशी असलेली खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः समोर जमिनीवर बसल्या.

सिस्टरनं खुर्ची बाजूला सरकवली आणि तीही खाली बसली.