रिकामा परत आलेला डबा

मित्रांनो, त्या वर्षीच्या वेळ अमावस्येला मी काठोकाठ भरलेला होतो. आमच्या लातूर भागात त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, पूजा करायची आणि दिसेल त्याला हाक मारून जेवू घालायचं. माझ्यात शेंगा-दाणे आणि पालेभाज्यांची भज्जी होती, तिच्यावर ज्वारीचे वाफवलेले उंडे होते आणि केवळामाय दोन्ही हातांनी माझं झाकण दाबत होती.

"शिल्पे, हे घेऊन जा. आणि जावईबापूंना म्हणावं, शेतात यायला पाय झिजतेत काय?"

शिल्पा, तिची लातूरला दिलेली लेक, हसली. मायचा मुलगा भागवत रस्त्याने जाणाऱ्यांना बोलावून आंबील पाजत होता. अंगावरून वारं गेल्यापासून शिल्पाच्या वडिलांची, शेषेराव अण्णांची, वाचा बंद होती. ते बाजेवर टेकून एका हाताने हरभऱ्याचे ढाळे सोलत होते. त्या घराचा तो शेवटचा साधा दिवस होता.

तेवढ्यात आंबील ओतताना मायचा पदर सरकला. तिच्या दंडावर काळेनिळे वळ होते.

"काय झालं गं?" शिल्पाने हळूच विचारलं.

"म्हशीनं शिंग मारलं. लई द्वाड झालीय." माय पदर ओढून घेत म्हणाली.

म्हशीच्या शिंगाला बोटं नसतात, हे माझ्यासारख्या डब्यालाही कळतं. शिल्पालाही कळलं असणार. ती भागवतकडे बघत राहिली. तेवढ्यात एक म्हातारा आंबिलीचा तांब्या खाली ठेवत म्हणाला, "पोरगा असावा तर असा." शिल्पाने मान खाली घातली आणि मला पिशवीत ठेवलं.

मी एक जुना, बाजूला पोचा आलेला स्टीलचा डबा आहे. शिल्पाच्या लग्नात मायने मला लातूरच्या भांड्यांच्या दुकानातून घेतलं. दुकानदाराने घरघरणाऱ्या सुईने माझ्या झाकणावर 'केवळाबाई शेषेराव यांजकडून' असं कोरलं, तेव्हा माझ्या अंगभर झिणझिण्या आल्या होत्या. रुखवतात मी पहिल्या रांगेत होतो. त्यानंतर माझं आयुष्य किल्लारीच्या रस्त्यावर गेलं. गुरुलिंग नावाचा जीपवाला मला लातूरहून गावी न्यायचा आणि गावाहून लातूरला आणायचा. जाताना माझ्यात मायच्या आवडीची कढी, येताना शेंगदाण्याची चटणी नाहीतर धपाटी.

"केवळामाय, ह्याचं आता तिकीट लावतो बघा," गुरुलिंग म्हणायचा. "सगळ्या जीपला वास सुटतो, पॅसेंजर उपाशी मरतेत."

"लाव की. आन् जाताना एक धपाटं काढून घे, चोरा."

पुढे शिल्पाच्या घरी रंगीत प्लास्टिकचे डबे आले. मी माळ्यावर गेलो, पण मायने त्यातला एकही डबा ओळखला नाही. "मपला डबा कुठाय?" असं तिने विचारलं, की मला पुन्हा खाली काढलं जाई. तिचा एक नेम होता. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. घरात काही नसलं तरी ती गुळाचा खडा टाकायची. वाळकी बोरंसुद्धा मी वाहिली आहेत.

मित्रांनो, त्या गावात भूकंपानंतर बांधलेली घरं एकसारखी आहेत, ओळीने, भिंतीला भिंत. मी तिथल्या फळीवर असायचो तेव्हा शेजारच्या गौरम्माची खलबत्त्याची ठकठक मला ऐकू यायची. म्हणजे आमच्याकडचं तिलाही ऐकू जात असणार. भागवतचा आवाज चढला, की ती ठकठक थांबायची. मग मोरीत भांडं पडायचं, माय "नको रे" म्हणायची आणि नंतर सगळं शांत. थोड्या वेळाने पलीकडची ठकठक पुन्हा सुरू व्हायची. भागवतची बायको कधीच माहेरी निघून गेली होती. का गेली, ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

लातूरला शिल्पाने नवऱ्याजवळ विषय काढला. आनंदराज माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "पोलिसांत जाऊन सांगणार काय? वळ बघितले म्हणून? उद्या माय स्वतःच म्हणतील, मपलं पोरगं लई गुणाचं हाय. मग तुझं माहेर कुठं राहील?"

संक्रांतीला घरात पाहुणे होते, म्हणून शिल्पा गावी गेली नाही. कढी भरून तिने मला तेवढं पाठवलं.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते विसरू शकत नाही. मायने मला घासलं, पुसलं, माझ्यात चटणी भरली. मग ती थांबली. तिचा ओठ सुजलेला होता. तिने चटणी पुन्हा वाडग्यात काढली, मला विसळलं आणि रिकाम्यालाच झाकण घट्ट लावलं. बाजेवरून अण्णा एकटक बघत होते. माय त्यांना म्हणाली, "शिल्पाला कळंल."

गुरुलिंगने मला मायच्या हातातून घेतलं तेव्हा तो नेहमीसारखा बोलला नाही. लातुरात त्याने शिल्पाला फक्त "ताई, एक सांगू का..." असं म्हटलं आणि मग "जाऊ द्या" म्हणून जीप चालू केली.

शिल्पाने मला उघडलं. बराच वेळ आत पाहिलं. "संक्रांतीला आले नाही म्हणून रुसली," ती म्हणाली. मग तीही जराशी रुसली. मला धुऊन तिने फळीवर उपडं घातलं आणि मायला फोन केला नाही.

फोन गावाहून आला. भागवत रडत होता. माय मोरीत पाय घसरून पडली, म्हणाला.

तिला शेवटची अंघोळ घालताना बायकांनी तिची पाठ पाहिली, असं शिल्पा नंतर स्वतःशीच बोलली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गौरम्माने पाणी ओतलं. कुणी काही म्हणालं नाही. शिल्पाही नाही.

गोडजेवणाच्या दिवशी ती मला घेऊन गावी गेली. निघताना ती म्हणाली, "अण्णाला मी लातूरला नेते."

"बापाला मी सांभाळीन की," भागवत म्हणाला. "लेकीच्या दारात ठेवून गावात तोंड कसं दाखवू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गौरम्माने माझ्यात बुंदी भरली आणि मला अण्णांजवळ ठेवलं. मग अण्णांनी मला चांगल्या हाताने मांडीवर ओढलं. झाकण दातांनी उघडलं. बुंदी ताटात ओतली, तळाशी चिकटलेला दाणासुद्धा बोटाने काढला. झाकण लावलं आणि मला शिल्पापुढे धरलं.

"म्हातारा भ्रमलाय," भागवत हसत म्हणाला. "आण इकडं." त्याने हात पुढे केला. अण्णांनी मान खांद्यात ओढून घेतली आणि डोळे मिटले.

शिल्पाने मला घेतलं. गौरम्माकडे बघून ती म्हणाली, "मी येईपर्यंत अण्णाजवळून उठू नका." गौरम्माने तिची नजर चुकवली नाही. ती तिथेच बाजेशी बसली.

जीपमध्ये शिल्पा म्हणाली, "गुरुलिंगभाऊ, लातूरला नको. ठाण्यावर घ्या."

गुरुलिंगने चाक घट्ट धरलं. "ताई, त्या दिवशी डबा घ्यायला गेलो तवा म्या बी दारातून बघितलंय. मी बी आत येतो."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे राख-चिंचेने घासण्याची मागणी नाही. पोचा तसाच राहू द्या. पण रोज भरून येणारं एखादं भांडं रिकामं आलं, किंवा रोज बोलणारं माणूस गप्प झालं, तर भांडं धुऊन फळीवर ठेवू नका. आधी त्या घरी जाऊन या. आणि तिथे जे पाहाल, ते सांगा.

टेबलावर मला ठेवलेलं पाहून हवालदार म्हणाले, "बोला बाई, काय हरवलं?"

शिल्पाचा हात माझ्या झाकणावर होता, मायच्या नावावर.

"माय कशी पडली ते मी बघितलं नाही," ती म्हणाली. "पण माझा भाऊ भागवत तिला मारायचा. मी वळ बघितले होते. माझे अण्णा आत्ता त्याच घरात हायत. चला."