बांगड्यांचा हात

दानम्माच्या खाटेवरच्या कागदावर मी तांबड्या पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: उजव्या हाताला सुई लावायची नाही. कॅन्सरमुळे त्या बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या होत्या. त्या हाताला टोचलं की तो सुजतो आणि मग सूज उतरत नाही. सत्त्याहत्तरच्या जानेवारीत एका सकाळी ड्यूटीवर आले, तर सुई उजव्याच हाताला आणि पंजा भिजल्या कणकेसारखा फुगलेला. माझं डोकंच फिरलं.

"कुणी लावली?"

"नव्या डाक्टरनं. डाव्या हातात बांगड्या हायत म्हून," दानम्मा म्हणाली.

म्हणजे माझ्या अक्षरापेक्षा बांगड्या वरचढ. मी सुई काढली. नशीब, अजून नुसतं सलाइनच चालू होतं. खरं औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं.

डाव्या मनगटाशी एकच धड शीर उरली होती. दोन महिने मी ती राखली होती, रक्त काढायलासुद्धा कुणाला हात लावू दिला नव्हता. नेमक्या तिच्यावरच, गेल्या आठवड्यात घरी गेली तेव्हा गड्ड्याच्या जत्रेत भरलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या घट्ट बसल्या होत्या. तेल लावूनही सरकेनात.

"फोडा त्या," मी म्हणाले.

वॉर्डातल्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. सवाष्णीच्या बांगड्या वाढवायच्या असतात, फोडायच्या विधवेच्या. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण रागात जीभ घसरली.

सासू रत्नम्मा मध्ये येऊन उभी राहिली. "जिभंला हाड हाय का, सिस्टर? माजा ल्योक जिता हाय की."

होता खरा. संगप्पा दारात उभा राहून पान चघळत होता. त्याला काय धाड भरली होती? दुखणं खाटेवरच्या बाईला, आणि जपणूक चालली होती ह्याची.

"बरं, वाढवते म्हणते. आता सरका."

"आज न्हाय. शबूद वंगाळ निघाला. सोमवारी बगू."

"औषधाची पाळी आज आहे. रोग सोमवारची वाट बघत नाही."

मी संगप्पाकडे बघितलं. तो दाराबाहेर पिंक टाकायला वळला. सासूपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. दानम्मानं मनगट खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं होतं. मग पुन्हा आपटलं. मी हात धरायला धावले. नेमकी तीच शीर कापली तर?

"फोडल्या म्हना न्हायतर वाढवल्या," ती म्हणाली. "जगायचं मला हाय."

रत्नम्मा धावली ती लेकाकडे. त्याच्या कपाळाला हात लावून बघायला लागली. मी काचा वेचल्या. दोन ओरखडे होते, शीर शाबूत होती. स्पिरिट लावलं, उकळलेली सुई घातली, नळीत रक्त आलं.

"हात भुंडा ठिवू नगा की," रत्नम्मा दारातून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी मनगटाला फळी लावून पांढरी पट्टी गुंडाळली, गाठ मारली.

"बघा, भरला हात," मी म्हणाले. "आणि ही कुणी फोडायची नाही."

'सोडायची' नाही, 'फोडायची'च म्हणाले, मुद्दाम.