पटाशीची जागा

शाळा सुटल्यावर मी पोरांना सुतारकाम शिकवतो. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, मागे त्याच्या आकाराची लाल रेघ. नियम दोनच: सगळ्या जागा भरल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि कुणाचं दप्तर तपासायचं नाही. दुसरा नियम मीच मोठ्या ऐटीत केलेला. त्या दिवशी तोच मला नडला.

सहा वाजले आणि लाकूड तासायच्या धारदार पटाशीची जागा रिकामी.

"पटाशीला काय पाय फुटले?" मी गरजलो. बारा पोरं फळीकडे बघायला लागली. मिरचीने मात्र दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं.

मिरची म्हणजे आमच्यातली सगळ्यांत तिखट पोरगी. तिचा थोरला भाऊही माझ्याकडेच शिकतो. आदल्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, म्हणून मी सगळ्यांना पाचलाच सोडलं. फाटकावर वॉचमन येतो सहाला. मधल्या वेळात तिथल्या टोळक्याने मिरचीच्या भावाला गाठून बदडलं, त्याचा हात मोडला. आज तेच टोळकं रस्त्यापलीकडे उभं राहून खिदळत होतं. खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं.

दप्तर हिसकावलं, तर ही पोरगी पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही. नाही हिसकावलं, तर पटाशी कुणाच्या तरी पोटात. मला भीती वाटली, खरंच सांगतो. मी दाराला पाठ लावून बसलो. साडेसहा झाले. बायकोचे दोन फोन येऊन गेले.

शेवटी आमच्या वर्गातलं शेंडेफळ, जेमतेम नऊ वर्षांचं पोर, आपलं अर्धवट झालेलं चिमुकलं कपाट घेऊन मिरचीपुढे बसलं.

"ताई, माझा खण अडकतोय गं. कडेने थोडा तास ना."

मिरची त्याच्याकडे बघत राहिली. मग दप्तराची चेन वाजली. तिने पटाशी काढली, खणाची कड थोडी थोडी तासली, सरकवून पाहिलं, पुन्हा तासली. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. बायकोला सांगितलं तर पटायचं नाही. खण सुरळीत सरकला. मिरचीने पटाशी पुसली आणि जागेवर टांगली. एव्हाना बाहेरचे कंटाळून निघून गेले होते.

सगळे गेल्यावर ती मागे रेंगाळली.

"काल माझं चुकलं गं," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले.

"काका, उद्या दाढ दुखली तरी लवकर सोडू नका."