वाचलेली पावलं

सत्तावीस साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतीत आम्हाला घर मिळालं. सपाट छप्पर, पांढऱ्याफटक भिंती, आणि इंचाइंचानं आखलेलं स्वयंपाकघर.

"बाई, रोजची तुमची हजार पावलं वाचतील," आर्किटेक्ट म्हणाला.

सासूबाई जन्मभर चुलीशेजारी बसून बटाटे सोलत आलेल्या. त्यांनी खुर्ची आत आणली, तर मला वळताच येईना.

"असू दे गं, मी खोलीत सोलते."

मी आर्किटेक्टला गाठलं. "म्हातारीनं बसायचं कुठं?"

मेल्यानं नकाशा पुन्हा तपासला. "चूक नाही. स्वयंपाकघर एकाच माणसासाठी आहे."

माझी पावलं खरंच वाचली. आता ती पावलं सासूबाई चालतात. दोन बटाटे सोलतात, दारापर्यंत येतात, मला देतात, बाहेरूनच परत फिरतात.